'कर्ता' आणि 'सब्जेक्ट' : एका परिभाषेचा इतिहास

इंग्रजी वाक्यातील सब्जेक्ट ओळखण्यासाठी आपल्या शाळांतून एक सोपा नियम सांगण्यात येतो : क्रियापदाला 'कोण?' असा प्रश्न करावा. जे उत्तर येईल तो कर्ता. 'राम ईट्स ए मँगो' या वाक्यापुरता हा नियम निर्वेध चालतो. परंतु 'दि मँगो वॉज ईटन बाय राम' हे वाक्य पुढे आले, की 'खाल्ला कोणी?' या प्रश्नाचे उत्तर राम असे येते आणि सब्जेक्ट मात्र आंबा असतो. हा दोष विद्यार्थ्याच्या आकलनाचा नव्हे. तो परिभाषेचा आहे.

'कर्ता' ही संज्ञा पाणिनीच्या कारकविचारातील होय. क्रिया घडविण्यात जो स्वतंत्र तो कर्ता; मग तो प्रथमेत असो की तृतीयेत. 'सब्जेक्ट' ही संज्ञा तर्कशास्त्रातून आलेली. ज्याच्याविषयी विधान करावयाचे, ते सब्जेक्ट. लिंडली मरे याच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात क्रियापदाचा मेळ प्रथमान्त नामाशी, म्हणजे 'नॉमिनेटिव्ह'शी, सांगितला आहे. पुढे बेकर या जर्मन पंडिताच्या पद्धतीवर मोरेल याने १८५२ मध्ये वाक्यपृथक्करणाचे पुस्तक लिहिले आणि 'सब्जेक्ट–प्रेडिकेट' ही जोडी शाळांत रूढ झाली. आपल्याकडे ती 'उद्देश्य–विधेय' म्हणून आली. पण तोवर 'कर्ता' मराठी व्याकरणात स्थिरावला होता. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चे. परिणामी दोन भिन्न कुळींचे शब्द एकाच आसनावर बसले.

मराठीत याने फारसे बिघडत नाही, कारण आपल्याकडे प्रयोगविचार आहे. 'रामाने चिंच खाल्ली' येथे कर्ता राम, पण क्रियापद चिंचेच्या मागे जाते. त्याला आपण कर्मणि म्हणतो आणि पुढे सरकतो. 'उजाडले' येथे तर कर्ताच नाही. इंग्रजीला ही मोकळीक नाही. पाऊस पडतो हे सांगावयाचे तरी तिला 'इट' हे रिकामे सर्वनाम पुढे बसवावे लागते. मराठी मुलगा ते गाळतो, यात नवल ते काय?

या विषयात कोकणचे एक घराणे आठवते. केशवसुतांचे प्रारंभीचे शिक्षण रत्नागिरी जिल्ह्यातील खेड येथे झाले. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये सिद्ध केले आणि पूर्वसूरींची मते तपासून घेण्याचा पायंडा दृढ केला. खेडच्याच नदीचे वाक्य घ्या : 'जगबुडीला पूर आला.' क्रियापदाचा मेळ पुराशी आहे. इंग्रजीत मात्र 'दि जगबुडी इज इन फ्लड' असे म्हणताच नदी उद्देश्य होते. घटना तीच, उद्देश्य निराळे. ते घटनेत शोधणे व्यर्थ आहे.

इंग्रजीही पूर्वी अशी नव्हती. येस्पर्सन याने १८९४ मध्ये एक मार्मिक उदाहरण दिले आहे. जुन्या इंग्रजीत 'राजाला नासपाती आवडल्या' अशीच रचना होती. राजा चतुर्थीत, क्रियापदाचे अनेकवचन नासपातींशी जुळलेले. पुढे विभक्तिप्रत्यय झडले, भूतकाळी क्रियापदातील वचनभेद लोपला, आणि आरंभीचे स्थान राजाकडे होते म्हणून तोच उद्देश्य ठरला. आपण 'मला आंबा आवडतो' येथेच थांबलो आहो.

तेव्हा इंग्रजी शिकविताना 'कर्ता' बाजूस ठेवून 'उद्देश्य' म्हणावे, आणि 'कोण?' ऐवजी वाक्य प्रश्नार्थक करून पाहावे, असे माझे मत आहे. 'वॉज दि मँगो ईटन?' — साहाय्यक क्रियापद ज्याला ओलांडून पुढे येते ते उद्देश्य. 'देअर'ने आरंभ होणाऱ्या वाक्यांत ही कसोटी अडखळते. तेथे क्रियापदाचे वचन पाहावे.