‘ब्रेकआऊट’ : विटा फोडणाऱ्या चेंडूची कहाणी

पडद्याच्या वरच्या भागात विटांच्या आठ ओळी, तळाशी डावी-उजवीकडे सरकणारी एक फळी आणि या दोहोंमध्ये उसळणारा एक चेंडू. ‘ब्रेकआऊट’ या व्हिडिओ गेमचा संसार एवढाच. अमेरिकेतील ‘अटारी’ कंपनीने १९७६ मध्ये तो बाजारात आणला. त्याच्या रचनेतील काटकसर पुढे घरगुती संगणकाच्या घडणीत कामी आली. आणि इतक्या साध्या गोष्टीला सर्जनशील निर्मिती म्हणावे काय, हा प्रश्न थेट न्यायालयात गेला.

एकट्याचा खेळ

अटारीचा ‘पाँग’ हा टेबल टेनिसच्या धर्तीवरील खेळ १९७२ पासून लोकप्रिय होता. मात्र त्याला दोन खेळाडू लागत. कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह ब्रिस्टो यांनी प्रतिस्पर्ध्याच्या जागी भिंत उभी करण्याची कल्पना मांडली. ‘ब्रेकआऊट’ म्हणजे तुरुंग फोडून पलायन. यंत्राच्या पेटीवरही भिंत फोडणाऱ्या कैद्याचेच चित्र होते.

प्रत्येक ओळीत १४ याप्रमाणे एकूण ११२ विटा. खालून वर पिवळा, हिरवा, नारिंगी व लाल अशा प्रत्येक रंगाच्या दोन ओळी आणि त्यांना अनुक्रमे १, ३, ५ व ७ गुण. एक भिंत पूर्ण पाडल्यास ४४८ गुण मिळत. भिंती दोनच असल्याने कमाल गुणसंख्या ८९६ होती. खेळ रंगेल तसा चेंडूचा वेग वाढे आणि चेंडू लाल ओळ भेदून छताला टेकला, की फळी निम्मी होई. गंमत म्हणजे पडदा कृष्णधवलच होता. विटांचे रंग त्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांचे होते.

चार दिवसांचे काम

या यंत्रात मायक्रोप्रोसेसर नव्हता. चेंडूची उसळी, गुणांची मोजणी हे सारे सुट्या चिप एकमेकींना जोडून साधावे लागे. चिप जितक्या कमी, तितके यंत्र स्वस्त. म्हणून बुशनेल यांनी आराखड्याचे काम स्टीव्ह जॉब्ज या तरुण कर्मचाऱ्याकडे सोपवताना पन्नासपेक्षा जितक्या चिप कमी लागतील, तितका बोनस देऊ केला. जॉब्ज यांनी मदतीला घेतले ते मित्र स्टीव्ह वॉझ्नियॅक यांना. ते त्यावेळी ‘ह्युलेट-पॅकार्ड’मध्ये नोकरीला होते. दिवसा नोकरी आणि रात्री अटारी, असे करीत वॉझ्नियॅक यांनी चार दिवसांत आराखडा पूर्ण केला. तो इतका आटोपशीर होता, की उत्पादनासाठी अटारीच्या अभियंत्यांना यंत्र नव्याने आखावे लागले.

मोबदल्याची बाजू मात्र कटू ठरली. मूळ रकमेचा निम्मा वाटा म्हणून वॉझ्नियॅक यांना ३५० डॉलर मिळाले. हजारो डॉलरच्या बोनसबद्दल त्यांना काही वर्षांनी इतरांकडून कळले. आपल्याला पैशांपेक्षा मित्राने खरे न सांगितल्याचे दुःख झाले, असे त्यांनी पुढे म्हटले. जॉब्ज यांनी हा आरोप अखेरपर्यंत मान्य केला नाही.

एप्रिल १९७६ मध्ये दोघांनी ‘अॅपल’ची स्थापना केली. पुढल्या वर्षी आलेल्या ‘अॅपल-२’ संगणकात रंगीत चित्रे, ध्वनी आणि फळी फिरवण्याची सोय होती. आपण घडवलेला खेळ बेसिक भाषेत लिहिता यावा, या इच्छेतूनच ही वैशिष्ट्ये आली, असे वॉझ्नियॅक यांनी सांगितले आहे.

भिंतीचा मालक कोण?

१९८७ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ‘ब्रेकआऊट’ची नोंदणी नाकारली. साध्या भौमितिक आकृत्या व रंग यांत पुरेशी सर्जनशीलता नाही, असे कार्यालयाचे म्हणणे होते. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९८९ आणि १९९२ मध्ये, अशा दोनदा हा निर्णय फेरविचारासाठी परत पाठवला. दोन्ही निकालपत्रे न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिली होती. पुढे १९९३ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुटे चौकोन न पाहता रंगांची निवड, वेगातील बदल, दृश्य व ध्वनी यांचा मेळ, असा संपूर्ण खेळ विचारात घ्यायला हवा, असा त्यांचा रोख होता.

वारसा

जपानमध्ये या खेळाने मोठी लाट आणली. तोमोहिरो निशिकादो यांना १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची प्रेरणा याच खेळातून मिळाली, विटांच्या जागी परग्रहावरील आक्रमक आले. ‘पॅकमॅन’चे जनक तोरू इवातानी यांचा पहिला खेळ ‘जी बी’ हाही पिनबॉल आणि विटाफोडीचा संगम होता. ‘तायतो’ कंपनीच्या ‘आर्कनॉइड’ने १९८६ मध्ये विटांतून पडणाऱ्या शक्तीच्या कुप्या आणून या प्रकाराला नवे आयुष्य दिले. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये विटाफोडीचा खेळ दडवून ठेवलेला होता, तर ब्लॅकबेरी वापरलेल्यांना ‘ब्रिक ब्रेकर’ची आठवण असेलच.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातही या खेळाचे नाव घेतले जाते. ‘डीपमाइंड’च्या संशोधकांनी २०१३ मध्ये आणि पुढे २०१५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडलेल्या प्रयोगात संगणकाला नियम सांगितले नव्हते. पडद्यावरील चित्र आणि गुणसंख्या एवढ्यावरच तो शिकत गेला. भरपूर सरावानंतर त्याने भिंतीच्या कडेला बोगदा पाडून चेंडू पलीकडे धाडण्याची युक्ती शोधली. एकदा पलीकडे गेलेला चेंडू छत आणि विटा यांमध्ये आपणच उसळत राहतो आणि फळीला घटकाभर विसावा मिळतो. नाणी टाकून खेळणाऱ्या मुलांना ही युक्ती फार पूर्वीच सापडली होती.