आज्जीची सुलट

मोहोळात राहून स्वेटर विणणं हा उद्योग तसा बुद्धीला पटणारा नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ अंश ओलांडतो आणि अंगावरचा सुती सदरासुद्धा नकोसा होतो. थंडी म्हणून जी काही येते, ती डिसेंबर-जानेवारीतल्या चार पहाटे. तेवढ्यासाठी ट्रंकेच्या तळातले स्वेटर वर येतात, डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून उन्हात पसरले जातात, आणि वास पुरता जायच्या आत थंडीच निघून जाते. तरीसुद्धा आमच्या गल्लीत बायकांची अशी एक पिढी आहे, की दुपारच्या चहानंतर तिच्या हातात सुया नाहीत असं कधी व्हायचं नाही. गावाचं नाव मोहोळ, त्यामुळे ओट्यावर चार बायका सुया घेऊन बसल्या की नाव सार्थ झाल्यासारखं वाटे.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ज्याला त्याला सन विचारायची खोड निवृत्तीबरोबर जात नाही. तेव्हा या सुयांचीही सनावळी काढून बघितली. ती निघाली थेट रशियापर्यंत.

पहिली अडचण भाषेची. मराठीत 'विणणं' एकच. मागावर धोतर विणायचं आणि दोन सुयांवर मोजे विणायचे, दोन्ही विणकामच. त्यात आमचा जिल्हा सोलापूर. तिथं १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि चादरीनं गावाचं नाव देशभर नेलं. त्यामुळे आमच्याकडे 'घरात विणकाम चालतं' म्हटलं की ऐकणारा आधी माग किती, असं विचारतो. मागावर उभे धागे आणि आडवे धागे असे दोन पक्ष असतात. सुयांवर मात्र एकच धागा. तोच स्वतःच्या फाशात अडकत अडकत पुढं जातो आणि शेवटी त्याचा स्वेटर होतो. म्हणूनच तर एक टोक ओढलं की सगळा संसार उसवतो. रशियन भाषेत मागावरच्या विणण्याला वेगळा शब्द आहे आणि सुयांवरच्या विणण्याला 'व्याझात्', म्हणजे बांधणंही.

आपल्या मुलखात आलेला आपल्याला ठाऊक असलेला सगळ्यात जुना रशियन म्हणजे अफनासी निकितिन. त्वेर गावचा हा व्यापारी १४६९च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला, पावसाळा जुन्नरला काढला आणि मग बहामनी राजधानीत, बीदरला गेला. बरोबर विकायला आणलं होतं काय, तर एक घोडा. चौलला उतरल्या उतरल्या त्याच्या डोळ्यांत काय भरलं असेल? तर इथली माणसं अंगावर फारसं काही घालतच नाहीत! तसं त्यानं लिहूनच ठेवलं आहे. व्यापारी माणूस, बाजार ओळखून होता. लोकरीचा माल आणला असता तर परतीची वाट बंद झाली असती.

तसं आपल्याकडे लोकरीचं काहीच नव्हतं असं नाही. दख्खनी मेंढरं होती, त्यांना माळरानावर फिरवणारे धनगर होते, लोकर कातली जात होती आणि सणगरांच्या मागावर घोंगडी होत होती. चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं अंथरावं, पांघरावं, पावसात डोक्यावरून खोळ करून घ्यावं. पण ती लोकर पडली राठ. सुयांवर विणून अंगाला लावायची म्हटली तर माणूस थंडीनं नव्हे, खाजेनं जागा राहील. मऊ लोकरीचा गुंडा आणि दोन सुया ही जोडी आली ती गोऱ्या मडमांच्या टोपलीतून. बंगल्याच्या व्हरांड्यात मडम विणायची, आया बघायची. पुढं मिशनच्या मुलींच्या शाळा निघाल्या. सोलापुरातही अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि देवधरांनी सेवासदन काढलं. अशा संस्थांमधून शिवणटिपण मुलींच्या शिक्षणाचाच भाग झालं.

आता गंमत पाहा. बघून शिकलेली कला हाताची ठेवणसुद्धा बरोबर आणते. इंग्रज बाई लोकरीचा धागा उजव्या हातात धरते आणि प्रत्येक टाक्याला तो सुईभोवती फिरवते. म्हणून आमच्या आज्ज्यांनीही तो उजव्याच हातात धरला. युरोपात बऱ्याच ठिकाणी, जर्मनीत, रशियात, धागा डाव्या बोटावर ताणून ठेवतात आणि उजव्या हातातली सुई चिमणीनं दाणा टिपावा तसा तो टिपून घेते. इंग्रज १९४७ साली गेले. धागा उजव्या हातात राहिला. सुयांचे नंबरही त्यांचेच राहिले. त्या जुन्या हिशेबात नंबर वाढला की सुई बारीक होते. असला हिशेब मुलांना शिकवावा लागला नाही, हे माझं नशीब.

बरं, स्वेटरांची नावं बघा. पुढून बटणांचा तो कार्डिगन. गळ्यापासून तिरकी निघते ती रॅग्लन बाही. आणि डोक्यावरून गळ्यापर्यंत येते ती माकडटोपी, जिला इंग्रज बालाक्लाव्हा म्हणतात. ही तिन्ही नावं एकाच लढाईच्या धुरातून आली आहेत. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियात युद्ध झालं, आणि त्यात इंग्रजांचा शत्रू होता रशिया! बालाक्लाव्हा हे तिथलं बंदर. १८५४च्या ऑक्टोबरात तिथंच लॉर्ड कार्डिगननं आपले घोडेस्वार रशियन तोफांच्या तोंडी नेले. त्याच्यावरचा सेनापती लॉर्ड रॅग्लन. त्याचा एक हात आधीच, १८१५ साली, वॉटर्लूला गेलेला. ज्याला एकच हात, त्याच्या नावानं जगभर बाह्या निघाव्यात, याला काय म्हणावं!

या तमाशाला आपलाही एक प्रेक्षक हजर होता. पेशव्यांचं पेन्शन नानासाहेबांना मिळावं म्हणून लंडनला गेलेला अजीमुल्ला खान रिकाम्या हातानं परत फिरला आणि १८५५ साली वाट वाकडी करून क्रिमियात डोकावला. अजिंक्य म्हणवणारे इंग्रज तिथं कसे मेटाकुटीला आलेत, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. दोनच वर्षांनी १८५७ उजाडलं. अजीमुल्लानं इंग्रजांची फजिती तेवढी पाहून घेतली. रशियन बायका धागा कोणत्या हातात धरतात हे पाहायला त्याला सवड नसावी. नाहीतर इतिहास निदान आमच्या ओट्यावर तरी वेगळा झाला असता.

आमच्या घरात सुया आल्या त्या १९६२ साली, आणि त्याही युद्धामुळेच. त्या ऑक्टोबरात चीननं आक्रमण केलं. सुती गणवेशात, कॅनव्हासच्या बुटांत आपले जवान बर्फात उभे आहेत, ही बातमी गावोगाव पोचली. बायकांनी सोनं दिलं, रक्त दिलं आणि स्वेटर विणले. आई तेव्हा सोळा वर्षांची. शाळेच्या व्हरांड्यात मुलींना बसवून बाईंनी लोकर वाटली आणि फळ्यावर लिहिलं: दोन सुलट, दोन उलट. जवानाचं माप कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी शाळेचा शिपाई उभा केला, कारण गावात त्याच्याएवढी छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. आई सांगते, त्या हिवाळ्यात आमच्या शाळेतून गेलेले सगळे स्वेटर त्या एकट्याच्या मापाचे होते. वीस वर्षं आधी आमच्याच सोलापूरचे डॉक्टर कोटणीस त्याच चीनच्या सैनिकांवर उपचार करता करता तिथंच वारले होते. ही उलट-सुलट मुलींना कुणी फळ्यावर मांडून दाखवली नाही. दाखवण्याजोगी ती नव्हतीही.

माझ्या मते विणकामाचा खरा इतिहास हाच. स्वेटर विणणाऱ्याला थंडी वाजत असावी लागते, असा नियमच नाही. थंडी दुसरीकडे कुठंतरी असते, आणि तिथं आपलं कुणीतरी असतं, किंवा ते आपलं आहे असं आपण ठरवतो. तेवढं झालं की मोहोळच्या उन्हातही हात चालू लागतात.

पुढं रशियाशी आपलं चांगलंच जमलं. भिलाईचा पोलाद कारखाना झाला, मुंबईची आयआयटी १९५८ साली सुरू झाली तीही सोव्हिएत मदतीनं, १९७१ साली मैत्रीचा करार झाला. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशिया बघून आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं मराठीत येऊन इतकी स्वस्त मिळत, की आमच्या पिढीला अस्वलं आणि बर्फ यांचीच जास्त ओळख झाली. पोलाद आलं, यंत्रं आली, गोष्टी आल्या. रशियन टाका तेवढा आला नाही. तो पुस्तकातून येत नाही. त्याला शेजारी बसणारं माणूस लागतं.

ते माणूस आमच्याकडे आलं पुतणीच्या रूपानं. ती रशियात डॉक्टरकी शिकते. हल्ली महाराष्ट्रातल्या गावागावांतून मुलं तिकडं जातात. तिच्या होस्टेलच्या दाराशी एक म्हातारी बसते. येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद करणं हे तिचं सरकारी काम आणि विणणं हे खरं काम. पहिल्या हिवाळ्यात या पोरीला घरची आठवण येऊन रडू फुटलं, तेव्हा म्हातारीनं भाषेच्या भानगडीत न पडता तिच्या हातात सुया दिल्या.

सुट्टीला आलेल्या नातीच्या डाव्या बोटावर धागा बघून आईचा जीव वरखाली झाला.

"अगं, डाव्या हातानं कुणी विणतं का?"

"आज्जी, धागा फक्त डाव्या हातात. विणते उजवीच."

"मग उजवीला काम काय राहिलं?"

मुद्दा तोच होता. वर्षभर आईच्या उजव्या हाताचा अंगठा आणि मनगट दुखत होतं. डॉक्टरांनी विणकाम बंद सांगितलं होतं, आणि सुया कपाटात गेल्यापासून आई गप्प गप्प झाली होती. हिशेब करून बघा. स्वेटरच्या नुसत्या पुढच्या भागाला १०० टाके आणि १५० ओळी धरल्या, तर १५,००० टाके होतात. इंग्रजी पद्धतीत तेवढ्याच वेळा उजव्या हातानं धागा फिरवायचा. रशियन पद्धतीत फेरा जवळजवळ नाहीच. सुई नुसती टिपते.

आईनं बसून शिकायला घेतलं. तीन दिवसांत वीतभर पट्टी झाली आणि ती तिरकी झाली. टाके आवळलेले, पिळलेले. नातीनं निदान केलं. सुईवरच्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक पुढचा, एक मागचा. रशियात उलट टाका घालायची एक सोपी रीत आहे. धागा खालून टिपायचा की झालं. पण त्यानं टाका सुईवर पाय बदलून बसतो. मग पुढच्या ओळीत सुलट घालताना सुई मागच्या पायातून घालावी लागते. आई रशियन उलट घालून वर आपली मोहोळची सुलट घालत होती, पुढच्या पायातून. टाक्याला पीळ पडणारच.

"म्हणजे त्यांची उलट घेतली की त्यांचीच सुलट घ्यावी लागते," आई म्हणाली.

तीस वर्षं मी जे मुलांना सांगत आलो, ते आईनं एका वाक्यात सांगितलं. दुसऱ्याची रीत अर्धी उचलता येत नाही.

सुलट-उलट हा संसारही तसा जुना नाही. इजिप्तमध्ये सापडलेले शेकडो वर्षांपूर्वीचे सुती मोजे सगळे गोल विणलेले, नुसते सुलट. उलट टाका नक्की दिसतो तो पार १५६२ साली पुरलेल्या, फ्लॉरेन्सच्या एलेनोरा या सरदारणीच्या मोज्यांत. आणि रशियात मागच्या पायातून घालायच्या त्या सुलटीचं नाव काय? 'बाबुश्किना'. म्हणजे आज्जीची! पुढच्या पायातून घालतात ती शास्त्रशुद्ध, पुस्तकी. मागच्या पायातून घालतात ती आज्जीची. हे नाव कळल्यावर आईचा उरलासुरला विरोध मावळला. "आज्जीची आहे होय? मग आधी नाही का सांगायचं!"

आता आई रोज अर्धा तास विणते. मनगट कुरकुरत नाही असं नाही, पण घरात पुन्हा बोलणं सुरू झालं आहे. पुतणी परत जायला निघाली तेव्हा आईनं एक पुडकं तिच्या बॅगेत कोंबलं. त्या होस्टेलच्या म्हातारीसाठी. पुतणीनं उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आत माकडटोपी.

"आज्जी, तिथल्या बायका असलं घालत नाहीत गं."

"दाराशी बसते ना ती? मग वारं कानालाच लागणार."

१८५४ साली जे नाव रशियाशी लढताना इंग्रजांनी उचललं, त्या नावाची टोपी, रशियन आज्जीच्या टाक्यात, मोहोळातून रशियाला चालली होती. हे मी आईला समजावून सांगायला लागलो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे. तिच्या डोक्याला बसली का, तेवढं फोन करून विचार. माप मी आपलं अंदाजानं घेतलंय."