वाट दाखवणारे, वाट पाहणारे

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगताना बहुतेक जण १० फेब्रुवारी १८९५ या तारखेवर सगळा भर देतात. त्या दिवशी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला मात्र त्याआधीची दोन वर्षं आणि नंतरची पाच वर्षं जास्त जवळची वाटतात. श्रद्धेच्या वाटेवर माणसाला धीर कुठून मिळतो, ते तिथे दिसतं.

साल १८९३. टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा रंगल्या आणि निरोप घेताना त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही म्हणाला! टिळकांना ते तेव्हा कसलं पटतंय? पण त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाशी येऊन ते थबकले. तिथून पुढे मागे फिरणं झालंच नाही. त्या प्रवाशाचं काम मात्र एका प्रवासापुरतंच होतं.

घरी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा असून नसल्यासारखा, पदरात लहान दत्तू. काही काळ त्या दूर राहिल्या. मग अहमदनगरला आल्या, तरी सोवळं आणि स्वयंपाक वेगळाच. टिळक स्वभावाने किती तापट आणि लहरी होते हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने लिहिलंय. असा माणूस बायकोच्या बाबतीत मात्र थांबून राहिला. तिची चूल वेगळी, तर वेगळी.

लक्ष्मीबाई बदलल्या त्या स्वतःच्या विचाराने. जातिभेद देवाने केला की माणसाने? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. तो माणसाने केला, असं उत्तर मिळाल्यावर सोवळं सुटलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी आपली जुनी शिदोरीही टाकून दिली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. अभंग, भजन, कीर्तन सगळं बरोबर आणलं. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ज्याने घरात पाच वर्षं वाट पाहिली, त्याला दारात उभ्या असलेल्यांची अडचण कळणारच.

१९१९ मध्ये टिळक गेले. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडूनच लिहावाचायला शिकलेल्या बाईने! ज्याच्या मागून चालायला त्या तयार नव्हत्या, त्याचं काम त्यांनी पुढे नेलं.

आज आपल्या घरांतही उपासनेला न येणारा मुलगा असतो, प्रार्थनेच्या वेळी गप्प बसणारी सून असते. आपण वचनं ऐकवतो, पाळकांना बोलावतो, कधी अबोला धरतो. हेतू चांगलाच असतो हो. पण पुस्तक हाती देऊन उतरून जाणं आणि दुसरी चूल चालवून घेणं, ही दोन्ही कामं आपल्याला जड जातात. दोन्हींसाठी एकच विश्वास लागतो, की समोरच्या माणसाशी देव आपल्याशिवायही बोलू शकतो.

असो. 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर पुन्हा काढा. नसेल तर मिळवा आणि वाचून झाल्यावर कुणाच्या तरी हाती ठेवा.