दाबोळीचे बटाटे आणि सॉसेज

विमानतळ उतारूंच्या सोयीसाठी बांधतात, असे निदान उद्‌घाटनाच्या भाषणात तरी सांगतात. गोव्याचा दाबोळी विमानतळ मात्र हट्टापायी बांधला गेला. थोडा बटाट्यापायीही, असे मी म्हटले तर इतिहासाचे प्राध्यापक डोळे वटारतील, पण फार वाद घालणार नाहीत.

झाले असे, की १९४७ साली इंग्रज गेले; पोर्तुगीज काही गेले नाहीत. सवाचारशे वर्षे राहिलेल्या पाहुण्याला आपण पाहुणे आहोत याचाच विसर पडला होता. मग भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली आणि १९५५ साली आगगाडीही थांबली. बेळगावचा बटाटा हाकेच्या अंतरावर, पण तो येईना. म्हणून गोव्याच्या बाजारात बटाटा आला तो हॉलंडहून! तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. 'बटाटा' हा शब्द आपण ज्यांच्याकडून उचलला, त्यांनाच बटाट्यासाठी सातासमुद्रापलीकडे हिंडावे लागले.

त्याच वर्षी पोर्तुगीजांनी वास्कोजवळच्या पठारावर गोव्याचा पहिला विमानतळ उभा केला आणि स्वतःची विमान कंपनीही काढली. तिची विमाने दमणला, दीवला, कराचीला आणि पुढे लिस्बनपर्यंत जात. म्हणजे गोवेकराला विमानाने कराची गाठता येत होती. पण पलीकडच्या सावंतवाडीत मावशीकडे लग्नाला जायचे तर परवान्यासाठी खेटे! मुंबईत नोकरीला असलेल्या कितीतरी गोवेकरांना या काळात घरची चतुर्थी दुरूनच आठवावी लागली. विमानतळाने जग जवळ आले, घर तेवढे लांब राहिले.

१९६१ च्या डिसेंबरात प्रकरण हातघाईवर आले. गोव्याच्या फौजेला रणगाडाविरोधी बाँब हवे होते. पण लष्करी विमानाला वाटेत उतरू द्यायला कोणी तयार होईना. मग प्रवासी कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन भाड्याने घेतले, तर कराचीतून शस्त्रे न्यायला पाकिस्तानने नकार दिला. अखेर १७ डिसेंबरच्या संध्याकाळी ते विमान दाबोळीला उतरले. त्यातून काय निघाले? सॉसेजची पाच-सहा पोती! तिकडे सालाझारसाहेबांचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा. सॉसेज घेऊन लढायचे कसे, याचा मात्र हुकुमात खुलासा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीची चाळण केली. आपल्या वैमानिकांना ताकीद होती, धावपट्टी फोडा, पण इमारतीला धक्का लावू नका. ज्या घरात उद्या आपल्यालाच राहायचे आहे, त्याच्या काचा कोण फोडील?

मात्र त्या रात्री पोर्तुगीजांनीही कमाल केली. सॉसेजवाल्या त्या विमानातल्या जादा खुर्च्या फेकून दिल्या, अधिकाऱ्यांची बायकामुले आत बसवली आणि शिल्लक राहिलेल्या सुमारे ७०० मीटर पट्टीवरून अंधारात उड्डाण केले. पट्टीवरचे दगडधोंडे उडून विमानाला भोके पडली, टायर फुटला. मागोमाग दुसरे विमानही निघाले आणि दोन्ही समुद्राला चिकटून उडत कराचीला पोचली. शत्रुपक्षाचे असले, तरी त्या वैमानिकांना मनातल्या मनात एक नमस्कार करावासा वाटतो. १९ तारखेला गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा शरण आले. सालाझारने त्यांना पुढे नोकरीतून काढले. शेकडो माणसे वाचवल्याबद्दल!

१९६२ साली विमानतळ नौदलाकडे गेला आणि मुलकी प्रवासी तिथे पोटभाडेकरू झाले. इंडियन एअरलाइन्स आली, पुढे परदेशी पर्यटकांची चार्टर विमाने आली. पण आठवड्यातून पाच दिवस सकाळी नौदलाचा सराव, तेव्हा उतारूंनी दुपारची वाट पाहायची. घरमालक कडक असला की भाडेकरू नवी जागा बघतोच. पेडण्यात मोपाला नवा विमानतळ करायचे ठरले आणि उत्तर गोवा विरुद्ध दक्षिण गोवा असा वीस वर्षे पुरेल एवढा वाद मिळाला. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमाने उडू लागली, दाबोळीही चालूच राहिला. आता तिकिटावर नुसते 'गोवा' वाचून समाधान मानणारा उतारू एका विमानतळावर उभा असतो, आणि त्याचे विमान दुसऱ्यावर.