डेव्हिड, टिम

(जन्म : १६ मार्च १९९६, सिंगापूर). ऑस्ट्रेलियाचा टी-ट्वेंटी फलंदाज. आयपीएलमध्ये खेळलेला सिंगापूरचा पहिला क्रिकेटपटू. कोणत्याही मंडळाशी वा राज्यसंघाशी पक्का बांधला न जाता लीगमागून लीगचे करार करत कारकीर्द घडवणाऱ्या ‘मुक्त खेळाडूं’च्या पिढीतला तो ठळक नमुना आहे.

वडील रॉड डेव्हिड १९९७ च्या आयसीसी करंडकात सिंगापूरकडून खेळले. टिम दोन वर्षांचा असताना कुटुंब ऑस्ट्रेलियात पर्थला परतले आणि त्याचे क्रिकेट तिथेच घडले. पर्थ स्कॉर्चर्सकडून त्याला बिग बॅशमध्ये संधी मिळाली खरी, पण ती स्थिरावली नाही. जन्मस्थानाच्या हक्काने २०१९ मध्ये तो सिंगापूरकडून उतरला. त्याच वर्षी सिंगापूरने घरच्या मैदानावर आशियाई पात्रता फेरी जिंकली आणि पुढे दुबईत स्कॉटलंडला दोन धावांनी हरवले. सिंगापूरसाठी १४ सामन्यांत त्याने ५५८ धावा केल्या, सरासरी ४६.५०, सर्वोच्च नाबाद ९२. त्यानंतर होबार्ट, लाहोर, सेंट लुशिया, सरे असे संघ त्याने झपाट्याने पालथे घातले.

ऑगस्ट २०२१ मध्ये आयपीएलच्या बंगळुरू संघाने फिन ॲलनच्या जागी बदली खेळाडू म्हणून त्याला घेतले, एकाच सामन्यात खेळवले आणि मोठ्या लिलावाआधी सोडून दिले. फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात ४० लाखांच्या मूळ किमतीवरून बोली चढत गेली आणि मुंबई इंडियन्सने ८.२५ कोटींना त्याला घेतले, म्हणजे वीसपटीहून जास्त. तो हंगाम मुंबईने तळाला संपवला. पण २१ मे २०२२ रोजी वानखेडेवर त्याने ११ चेंडूंत ३४ धावा फटकावून दिल्लीला स्पर्धेबाहेर काढले आणि बाद फेरीची ती जागा मिळाली बंगळुरूला. सोडलेल्या खेळाडूने जुन्या संघाची इतकी परतफेड केल्याचे उदाहरण विरळाच. ३० एप्रिल २०२३ ला, आयपीएलच्या हजाराव्या सामन्यात, शेवटच्या षटकात १७ धावा हव्या असताना जेसन होल्डरला सलग तीन षटकार मारून त्याने सामना तिथेच संपवला.

करारांची व्यवस्था. ‘मुक्त खेळाडू’ ही कल्पना अमेरिकी बेसबॉलची. तिथे करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहावा, अशी तरतूद एकोणिसाव्या शतकापासून होती. कर्ट फ्लडने तिला न्यायालयात आव्हान दिले, पण १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूने निकाल दिल्यावर ती मोडली. आज सहा वर्षांची सेवा पुरी झालेला खेळाडू करार संपताच मोकळा होतो. मात्र जुन्या संघाने देऊ केलेला एका वर्षाचा ठरावीक रकमेचा करार नाकारून तो दुसरीकडे गेला, तर जुन्या संघाला नवोदितांच्या निवडीत भरपाई म्हणून एक जादा पाळी मिळू शकते.

आयपीएलमध्ये नवोदितांच्या निवडीची अशी फेरी नाही, म्हणून पाळीची भरपाईही नाही. खेळाडू सोडला की त्याची रक्कम संघाच्या थैलीत परत येते, एवढाच मोबदला. संघाने कायम ठेवलेल्या खेळाडूला स्वतःहून दुसऱ्या संघाशी बोलणी करता येत नाहीत. २०१० मध्ये राजस्थान संघाशी असलेल्या कराराचे नूतनीकरण न करता थेट दुसरीकडे बोलणी केल्याच्या कारणावरून रवींद्र जडेजाला तो अख्खा हंगाम गमवावा लागला. तेव्हा लिलावाचा झगमगाट कितीही असला, तरी बेसबॉलच्या मापाने पाहता आयपीएलचा खेळाडू अर्धामुर्धाच मुक्त. भाव बाजार ठरवतो, पण बाजारात कधी उभे राहायचे हे बहुतेकदा संघ ठरवतो. काही मोठ्या लिलावांत जुन्या संघासाठी ‘राइट टू मॅच’ची सोय असते : लिलावातल्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम मोजून तो आपला खेळाडू परत घेऊ शकतो. २०२५ च्या हंगामासाठी तीत बदल झाला आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्या संघाला आकडा आणखी एकदा वाढवण्याची मुभा मिळाली.

भरपाईचा प्रश्न खरा चुरचुरतो तो सिंगापूरसारख्या सहसदस्य देशांना. आयसीसीच्या नियमांनुसार सहसदस्य देशाकडून पूर्ण सदस्य देशाकडे जाताना थांबावे लागत नाही. त्यामुळे सिंगापूरचा शेवटचा सामना २०२० मध्ये खेळलेला डेव्हिड सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीत भारताविरुद्ध ऑस्ट्रेलियाकडून उतरला. फुटबॉलमध्ये खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई मिळते. देशबदलासाठी क्रिकेटमध्ये तसे काही नाही. अर्थात इथे सिंगापूरचा दावा तसा लंगडाच : खेळाडू घडवला पर्थने, सिंगापूरने दिली ती आंतरराष्ट्रीय सामन्यांची उमेदवारी. पण नेमकी तीच उमेदवारी त्याला लीगवाल्यांच्या नजरेत भरवून गेली.

२०२५ साठी मुंबईने त्याला राखले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात बंगळुरूनेच त्याला तीन कोटींना परत घेतले, म्हणजे मुंबईने मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी भावात. त्याच हंगामात, ३ जून २०२५ रोजी, बंगळुरूने पहिले विजेतेपद मिळवले. जुलैमध्ये सेंट किट्सच्या बासेटेर येथे वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने ३७ चेंडूंत शतक झळकावले. तेव्हा ते ऑस्ट्रेलियाचे आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीमधील सर्वांत जलद शतक ठरले.