‘हा’च्या खणातली जपानी गाणी

जपानी गाण्यांची एखादी मोठी सूची उघडली की गाणी बहुधा शीर्षकाच्या पहिल्या उच्चारानुसार लावलेली दिसतात. क्रम असा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मराठी वाचकाने तो एकदा मोठ्याने म्हणून पाहावा. ‘च’च्या जागी ‘सा’ आहे हे सोडले तर ही आपल्याच वर्णमालेची सावली आहे. संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंनी अकराव्या शतकाच्या सुमारास ही मांडणी घडवली. एक अक्षर मात्र खटकते. ‘न’ संपल्यावर आणि ‘म’च्या आधी ओठांचा वर्ण हवा, म्हणजे ‘प’ हवा. तिथे ‘हा’ कसा?

जपानी मी वर्गात बसून शिकलेलो नाही. शब्दकोश आणि गाणी एवढ्याच भांडवलावर जे कळले ते कळले. त्यामुळे या प्रश्नाचा माग मी ‘हा’ने सुरू होणाऱ्या गाण्यांमधूनच काढला.

आधी सूचीविषयी. हा क्रम जुना असला तरी सामान्य जपानी माणूस शेकडो वर्षे ‘इरोहा’ या दुसऱ्याच क्रमाने चालत होता. प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशी एक कविता रचलेली होती आणि तीच मुळाक्षरे म्हणून पाठ केली जाई. १८८९पासून ओत्सुकी फुमिहिको यांचा ‘गेन्काई’ हा शब्दकोश आ-का-सा-ताच्या क्रमाने निघू लागला, तेव्हा फुकुझावा युकिचींसारख्या सुधारकाच्याही कपाळाला आठी पडली. करमणुकीच्या अड्ड्यावर चपला ठेवायच्या पाट्यासुद्धा इरोहाच्या क्रमाने असतात, असे त्यांचे म्हणणे होते.

गाण्यांना शीर्षके देण्याची पक्की रीतही याच काळातली. लोकगीत त्याच्या गावाच्या नावाने किंवा पहिल्या शब्दांनी ओळखले जाई. शीर्षक छापून गाणे मुलांच्या हाती देण्याचे काम सरकारी शाळेने केले. त्यासाठी १८७९ साली शिक्षण मंत्रालयाने संगीताचे स्वतंत्र खाते उघडले. त्याच वर्षी र्‍युक्यूचे राज्य मोडून जपानने ओकिनावा हा आपला प्रांत केला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध पुढे येईल.

‘हा’चा खण शाळेच्या गाण्यांनी भरलेला आहे. ‘हान्यू नो यादो’, म्हणजे मातीच्या भुईचे घर, हे १८८९चे. शब्द जपानी, पण चाल हेन्री बिशप या इंग्रज संगीतकाराच्या ‘होम, स्वीट होम’ची. ती इतकी मुरली की ताकेयामा मिचिओंच्या ‘बर्माची वीणा’ या कादंबरीत ब्रह्मदेशातले जपानी आणि ब्रिटिश सैनिक आपापल्या भाषेत तेच गाणे गातात.

‘हाना’, म्हणजे फूल, हे १९००चे. सुमिदा नदीवरच्या वसंताचे हे गाणे ताकी रेन्तारोने वयाच्या २१व्या वर्षी बांधले. चाल पाश्चात्त्य पद्धतीची, पण उसनी नाही, स्वतःची. पुढच्या वर्षी तो शिकायला लाइप्झिगला गेला, क्षय घेऊन परतला आणि १९०३ साली, २३ वर्षांचा असताना वारला. एवढ्या थोड्या काळात इतके टिकाऊ काम करून गेलेला दुसरा जपानी संगीतकार मला तरी ठाऊक नाही.

‘हारू नो ओगावा’, वसंतातला ओढा, हे १९१२चे. शाळेने गाण्यावर किती हक्क गाजवावा याचा हा नमुना. कवीचे नाव पुस्तकात छापले नव्हते, कारण गाणे मंत्रालयाचे. १९४२ साली ते चौथीतून तिसरीच्या पुस्तकात आले. तिसरीच्या मुलांना ग्रांथिक भाषा शिकवत नाहीत म्हणून त्यातली क्रियापदे सरळ बोलभाषेत बदलून टाकली. ज्या ओढ्यावरून ते सुचले असे मानतात तो टोकियोतल्या योयोगीचा कोहोने ओढा १९६४च्या ऑलिंपिकच्या सुमारास झाकला गेला. आता तिथे दगडी स्मारक आहे, पाणी नाही.

आता पुन्हा त्या खटकणाऱ्या अक्षराकडे. सम्राट गो-नारा यांच्या नावावर १५१६चा कोड्यांचा एक संग्रह आहे. त्यातले एक कोडे विचारते, आईशी दोनदा भेट होते, बापाशी एकदाही नाही, असे काय? उत्तर आहे, ओठ. आजच्या जपानीत आई म्हणजे ‘हाहा’, बाप म्हणजे ‘चिची’. ‘हाहा’ म्हणताना ओठ हलतही नाहीत, मग कोड्यात अर्थ काय उरला? तो उरतो तेव्हाच, जेव्हा ‘हा’चा उच्चार ओठांनी होत असेल. १६०३ साली नागासाकीत जेझुइटांनी जपानी-पोर्तुगीज कोश छापला, त्यात फूल ‘हाना’ नाही, ‘फाना’ आहे. दोन ओठ जवळ आणून फुंकर घातल्यासारखा तो ‘फ’. (ज्या छापखान्याचे हे काम, तो युरोपातून गोव्यामार्गे जपानला गेला होता. वाटेत १५८८ साली गोव्यातच त्यावर हारा मार्तिन्यो या जपानी तरुणाचे लॅटिन भाषण छापले गेले.) आणि त्याही आधी हा उच्चार ‘प’ होता, हे उएदा काझुतोशी या भाषाशास्त्रज्ञाने १८९८ साली मांडले. भिक्षूंनी जागा चुकवली नव्हती. अक्षर आपल्या जागी बसून राहिले, उच्चार तेवढा निघून गेला.

जाताना तो खुणा ठेवून गेला. शब्दाच्या मध्ये आलेला हाच वर्ण पुढे ‘वा’ झाला, पण कर्त्यामागे लागणाऱ्या एका प्रत्ययात लेखन जुनेच राहिले, १९४६च्या लेखनसुधारणेतही. २०११च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर मदतीसाठी निघालेले ‘हाना वा साकू’, म्हणजे फूल उमलते, हे गाणे घ्या. अक्षरांत लिहिले तर ‘हा’ आणि ‘वा’ एकाच चिन्हाने लिहावे लागतात. जपानी मूल ते न अडखळता वाचते.

पण ‘प’ सगळीकडून गेला नाही. ओकिनावा प्रांताच्या दक्षिणेला मियाको आणि याएयामा ही बेटे आहेत. तिथल्या भाषांत फुलाला आजही ‘पाना’ म्हणतात. भिक्षूंच्या कोष्टकाने रिकामी ठेवलेली जागा तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी भरलेली आहे.

त्या तोंडांचे काय झाले, ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. शाळेतली गाणी प्रमाण जपानीतली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ओकिनावाच्या शाळांत ‘होगेन फुदा’, म्हणजे बोलीची पाटी, आली. घरची भाषा बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात ती लाकडी पाटी पडे. पुढचा मुलगा सापडेपर्यंत ती उतरत नसे, म्हणून ज्याच्या गळ्यात पाटी तोच दुसऱ्याच्या चुकीवर टपून बसे. पोरांना पोरांवर पहारा ठेवायला लावणारी ही युक्ती मला छडीहून वाईट वाटते. काही ठिकाणी ती महायुद्धानंतरही चालली. २००९ साली युनेस्कोने मियाको आणि याएयामा या दोन्ही भाषा धोक्यातल्या भाषांच्या यादीत घातल्या.

या भाषांतली गाणी राष्ट्रीय सूचीत येतात ती नाव बदलून. याएयामात इरिओमोतेच्या उत्तरेला जेमतेम एक चौरस किलोमीटरचे एक बेट आहे. नकाशात त्याचे नाव हातोमा. बेटावरची माणसे त्याला पातुमा म्हणतात. तिथल्या टेकडीवरून दिसणाऱ्या देखाव्याचे जुने लोकगीत ‘हातोमा-बुशी’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि सूचीत ते ‘हा’च्याच खणात सापडते. पातुमाचे गाणे म्हणून शोधायला गेलात तर ‘पा’खाली काही मिळणार नाही.

सूचीत त्याच्या अगदी आधी कोणते गाणे येते? ‘हातो पोप्पो’, ताकी रेन्तारोचेच, १९०१चे, कबुतरांना दाणे टाकण्याचे बालगीत. १९११ साली मंत्रालयाने ‘हातो’ नावाचे दुसरे गाणे काढले आणि आता पुष्कळ लोक त्यालाच ‘हातो पोप्पो’ समजतात, पण ते असो. हातो म्हणजे कबूतर. बेटाच्या नावातही कबुतराचेच चित्राक्षर लिहितात. शब्दातला ‘प’ केव्हाच ‘ह’ झाला, पण कबुतराच्या घुमण्यातला तसाच राहिला, कारण आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांतून जपानीने ‘प’ कधी सोडला नाही. टोकियोतले मूल ‘पोप्पो’ म्हणताना ओठ मिटते. पातुमातला म्हातारा आपल्या बेटाचे नाव घेताना तेच करतो.