कदंबकालीन शिल्पकला आणि आपल्या देवळातील एक चौकट

घाट चढून बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत स्थायिक झालेल्या आपल्या महाजन कुटुंबांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : देव खाली, संसार वर. परंतु कलेच्या इतिहासाकडे पाहता घाटाने ही दोन घरे कधी वेगळी केली होती असे वाटत नाही. बाराव्या शतकात गोव्याचे कदंब राजे 'कोकण ९००' व 'पलाशिका १२०००' अशा दोन्ही प्रांतांवर राज्य करीत. पलाशिका म्हणजे खानापूर तालुक्यातील हलशी. त्यांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटीश्वर. त्याचे नाव त्यांच्या सुवर्णनाण्यांवरही असे.

शाळेत आम्ही ग्रीक व रोमन शिल्पांची नावे मुखोद्गत केली. भारतीय कलेचा धडा सांची, अजिंठा आणि वेरूळ एवढ्यावर आटोपत असे. वास्तविक ऐहोळे आणि बदामी येथे सहाव्या-सातव्या शतकांत जे प्रयोग झाले, त्यांतूनच आपल्या मुलखातील देवळे पुढे घडली. आठव्या शतकात पट्टदकल येथे उत्तरेचे व दक्षिणेचे शिखर शेजारी शेजारी उभे राहिले. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात कारागिरांनी तांबडा वालुकाश्म सोडून मऊ, काळसर दगड हाती घेतला, आणि कलेचे रूपच पालटले. कातारी पोळपाटाचे पाय फिरवून तासतो, तसे खांब फिरवून त्यांवर वर्तुळाकार कंगोरे काढता येऊ लागले. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत ते खांब व छतातील दगडी कमळ अवश्य पाहावे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ही बस्ती इसवी सन १२०४ च्या सुमारास उभारली. तिच्या दानाचे शिलालेख मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. देऊळ एकीकडे आणि त्याचा दाखला सातासमुद्रापलीकडे! निपाणीकडील मंडळींना खिद्रापूरचा कोपेश्वर अधिक परिचित आहे. त्याच्या उघड्या छताच्या स्वर्गमंडपाविषयी मी निराळे काय लिहावे?

माझे मन रमले ते कित्तूरजवळील देगाव येथे. कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिने इसवी सन ११७४ च्या सुमारास तेथे कमलनारायणाचे देऊळ बांधविले. तीन गाभारे एका ओळीत, व पुढे एकच लांब मंडप. तेथील दानलेख नागरी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत कोरलेला आहे. लिपीवरून भांडणाऱ्या आपल्या पिढीने हे जाता जाता लक्षात घ्यावे. आणि ज्याने हे देऊळ घडविले त्या शिल्पकाराचे नाव इतिहासाला ठाऊक आहे : टिप्पोज. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराची कथाही अशीच. राणी लोकमहादेवीने ते बांधविले आणि गुंड नामक सूत्रधाराचा गौरव तेथील लेखात झाला. राणीचे नाव टिकणे स्वाभाविक होय. पाथरवटाचे नाव कोणीतरी मुद्दाम राखावे लागते.

अनमोड घाटाच्या पायथ्याशी, तांबडी सुर्ल येथील श्रीमहादेवाच्या देवळात हीच घडण आढळते. तेथे कोणाचेही नाव नाही. जंगलाने झाकल्यामुळे ते वाचले. दिवाडीचा सप्तकोटीश्वर असा वाचला नाही. भक्तांनी लिंग नार्वे येथे नेले आणि १६६८ मध्ये श्रीशिवछत्रपतींनी तेथे देवळाचा जीर्णोद्धार करविला.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. आपल्या देवळाच्या जीर्णोद्धारसमयी सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम, मी पेशाने कारकून म्हणून, माझ्याकडे आले. 'गर्भागाराची जुनी दगडी चौकट निकामी झाली असल्याने ती काढून संगमरवरी बसवावी' हे वाक्य माझ्याच अक्षरात आहे. 'निकामी' हा शब्द कोणी सुचविलेला नव्हता. वाक्य पुरे व्हावे म्हणून तो मीच घातला. सर्वांनी मान डोलावली. संगमरवर पुरविणाऱ्याचे नाव व रक्कम वहीत आहे. ती चौकट कोणी घडविली होती, हे विचारण्याचे कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही. पुढे काही वर्षांनी तांबडी सुर्लच्या दारापुढे उभा राहिलो तेव्हा पायांखालची जमीन सरकली. पाकळ्यांची तीच पट्टी मी बालपणापासून नमस्कार करताना पाहिली होती.

गेल्या शिगम्यात शोध घेतला. उजवा खांब अग्रशाळेमागे विहिरीच्या काठावर पालथा पडला आहे. त्यावर धुणे आपटतात. कोरीव बाजू खाली असल्याने ती बरीच शाबूत आहे. लांबी साडेपाच फूट, रुंदी अकरा इंच, पट्ट्या तीन. उंबऱ्याचे दोन तुकडे पायरीत बसविले आहेत. डावा खांब सापडला नाही. ज्यांच्या घरी मुंजीच्या वा लग्नाच्या जुन्या छायाचित्रांत ती चौकट दिसत असेल, त्यांनी एक प्रत देवस्थानच्या कचेरीत द्यावी. इतिवृत्ताच्या त्या पानावर दुरुस्तीचा ठराव मांडण्याची परवानगी मी अध्यक्षमहाशयांकडे मागितली आहे.